खाजगी दवाखान्याच्या दारातील क्षयरोग

(मुळशी तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

क्षयरोगाशी लढण्याची जबाबदारी शासनाची आहे, याविषयी समाजवादी चळवळीत कधी दुमत नव्हते, आजही नाही. परंतु या कामात खाजगी डॉक्टरांना सहभागी करून घ्यावे की नाही, असा प्रश्न निघाला की कार्यकर्त्यांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, रोग्याच्या खिशावर ज्यांचा व्यवसाय चालतो त्यांच्याकडे सार्वजनिक पैसा सोपविणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे होय. दुसरा तट म्हणतो, रोगी जर खाजगी दवाखान्याच्याच पायऱ्या चढत असेल तर त्याला तेथेच गाठले पाहिजे. तत्त्वाचा घोळ मिटेपर्यंत थांबण्याइतका वेळ त्याच्या फुप्फुसांपाशी नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणूनच हा प्रश्न केवळ घोषणांनी सुटणारा नाही. तो मुळशीच्या भूमीवर उभे राहूनच तपासला पाहिजे.

मुळशी तालुका नकाशावर एक असला तरी प्रत्यक्षात तेथे तीन मुळशी आहेत. पश्चिमेस ताम्हिणीच्या घाटमाथ्याची आणि धरणाकाठची मुळशी. येथे पावसाळ्यात वाड्या-वस्त्या एकमेकींपासून तुटतात आणि कातकरी, महादेव कोळी व धनगर कुटुंबे मोलमजुरी, थोडी भातशेती आणि गुरे यांवर जगतात. मध्ये पौड-पिरंगुटची मुळशी. तालुक्याची कचेरी, ग्रामीण रुग्णालय, कारखाने आणि कंत्राटी कामगारांच्या खोल्या या पट्ट्यात आहेत. पूर्वेस हिंजवडी-माणची मुळशी. तेथे काचेच्या इमारतींत संगणकाचे काम चालते, आणि त्या इमारती ज्यांनी उभारल्या ते मराठवाड्यातून व परप्रांतांतून आलेले मजूर पत्र्याच्या शेडांत, एका खोलीत पाच-सहाजण, राहतात. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. जेथे हवा खेळत नाही आणि माणसे दाटीने झोपतात तेथे त्यांचे फावते. या तीनही मुळशींत भूक, दाटी आणि कष्ट यांचे प्रमाण वेगवेगळे असेल. परंतु क्षयाला लागणारी सामग्री तिन्हीकडे आहे.

या तिन्ही ठिकाणच्या माणसाला खोकला सुरू झाला की तो प्रथम कोठे जातो? पिरंगुटच्या एखाद्या कारखान्यातील कंत्राटी कामगार घ्या. सकाळी पाळी, संध्याकाळी घर. शासकीय बाह्यरुग्ण विभाग ज्या वेळी उघडा असतो त्या वेळी तो यंत्रापाशी उभा असतो. दिवस मोडला तर मजुरी बुडते. खाजगी दवाखाना मात्र रात्री नऊपर्यंत उघडा असतो, खोलीच्या जवळ असतो, डॉक्टर नावाने ओळखतो आणि वेळप्रसंगी उधारीही ठेवतो. तेव्हा हा कामगार तेथे जातो यात त्याचे अज्ञान नाही. त्याच्या परिस्थितीचा तो सरळ हिशेब आहे. डॉक्टर त्याला खोकल्याची बाटली देतो, चार दिवसांचे प्रतिजैविक देतो, एखादे इंजेक्शन देतो. बरे वाटत नाही. मग दुसरा डॉक्टर, मग एक्स-रे, मग शहरातील तिसरा डॉक्टर. अखेर क्षयाचे निदान होईपर्यंत कित्येक आठवडे लोटतात, होती ती बचत संपते, आणि त्या अवधीत त्याच्या खोलीतील सोबती त्याच हवेत श्वास घेत राहतात.

ही कहाणी मुळशीपुरती नाही, आणि तिचा दोष एकट्या खाजगी डॉक्टरवर टाकून मोकळे होता येणार नाही. इतिहास नीट पाहिला पाहिजे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचे जंतू शोधून काढल्याचे जाहीर केले. त्यानंतर पाच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयानेच गेल्या. वैद्यकाची पदवी मिळविलेल्या या मराठी स्त्रीचे वय तेव्हा बावीसही नव्हते. रोगाचे कारण कळले होते, औषध नव्हते. औषध यावयास आणखी साठ वर्षे लागली. पुढे मद्रासच्या क्षयरोग केंद्रात १९५६ पासून जे संशोधन झाले त्याने एक मोठी गोष्ट सिद्ध केली. रोग्याला थंड हवेच्या आरोग्यधामात खाटेवर ठेवण्याची गरज नाही. गरिबाच्या घरी, दाटीत आणि अर्धपोटीही, औषधे नियमित मिळाली तर तो आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो. श्रीमंतांच्या रोगनिवारणाचा मार्ग गरिबांसाठी खुला करणारा हा शोध होता. त्याच पायावर १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम उभा राहिला.

तो कार्यक्रम का कोलमडला? बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील डॉ. देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत केलेला अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत असे मानले जात असे की खेडूत अडाणी आहे, त्याला रोगाची जाणीव नाही, म्हणून तो उपचाराला येत नाही. या अभ्यासाने ते उलटे करून दाखविले. निम्म्याहून अधिक क्षयरोगी आपण होऊन दवाखान्यात गेले होते, आणि तेथून बहुतेकांना खोकल्याचे औषध देऊन परत पाठविण्यात आले होते. रोगी दारापर्यंत आला होता. दारानेच त्याला ओळखले नाही. आज खाजगी दवाखान्यावर जो आरोप केला जातो तोच आरोप साठ वर्षांपूर्वी शासकीय दवाखान्यावर सिद्ध झाला होता, हे समाजवाद्यांनी विसरता कामा नये. जनता खाजगी डॉक्टरकडे वळली ती कोणत्या वैचारिक निष्ठेने नव्हे. शासकीय यंत्रणेने तिला वर्षानुवर्षे हात हलवीत परत पाठविले म्हणून वळली.

आता खाजगी बाजूचा हिशेब. धारावीतील शंभर खाजगी डॉक्टरांना क्षयरोग्यासाठी कोणती औषधे लिहून द्याल, असे विचारले असता त्यांनी ऐंशी वेगवेगळे औषधयोग लिहून दिले, असे डॉ. मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले. बहुतेक औषधयोग चुकीचे आणि महागडे होते. डॉ. नोशीर अंतिया यांनी स्थापन केलेल्या फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ या संस्थेतून हे काम झाले, आणि पुढे पुण्याच्या संशोधकांनीच ग्रामीण भागातील शासकीय कार्यक्रम आणि खाजगी डॉक्टर यांच्या सहकार्याचा प्रश्न हाती घेतला. वीस वर्षांनंतर, २०१० मध्ये, डॉ. झरीर उदवाडिया, लॅन्सलॉट पिंटो आणि उपळेकर यांनी मुंबईत तीच चाचणी पुन्हा घेतली. १०६ डॉक्टरांपैकी अवघ्या ६ जणांनी अचूक औषधयोग लिहिला. वेगवेगळे औषधयोग निघाले ६३. दोन दशकांत जागतिकीकरण आले, रुग्णालयांच्या इमारतींना लिफ्ट आल्या, पण साध्या क्षयाची चिठ्ठी नीट झाली नाही.

हे असे का होते? कारण क्षयाचा उपचार खाजगी व्यवसायाच्या स्वभावाशी जुळत नाही. खाजगी व्यवसाय रोग्याच्या त्रासावर चालतो. त्रास थांबला की व्यवहार संपतो. क्षयात त्रास पहिल्या दोन महिन्यांतच ओसरतो, ताप जातो, भूक लागते, वजन वाढते. पण जंतू मरावयास सहा महिने लागतात. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे, आणि तीही रोज. बरे वाटू लागल्यावर रोग्याने पदरचे पैसे खर्चून औषध का घ्यावे, हे सांगण्यात डॉक्टरचा कोणताही लाभ नाही आणि रोगी आला नाही तर त्याच्या घरी जाण्याची त्याच्यापाशी कोणतीही व्यवस्था नाही. अर्धवट उपचारातून औषधांना दाद न देणारे जंतू तयार होतात. ज्या रोग्याच्या शरीरात ते तयार होतात त्याच्याबरोबरच त्याच्या शेजाऱ्यालाही ते धरतात. म्हणजे एका व्यवहारातील तोटा त्या व्यवहाराबाहेरच्या माणसाच्या अंगावर पडतो. बाजारपेठ जेथे असमर्थ ठरते त्याचे याहून स्पष्ट उदाहरण अर्थशास्त्राच्या पुस्तकातही सापडणार नाही.

परंतु म्हणून खाजगी क्षेत्र नाहीच असे समजून चालता येईल काय? देशातील तीस जिल्ह्यांत घरोघर जाऊन केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले की, उपचार घेणाऱ्या क्षयरोग्यांपैकी ४६ टक्के शासकीय कार्यक्रमाच्या बाहेर होते. औषधविक्रीच्या आकड्यांवरून २०१६ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार २०१४ या एका वर्षात खाजगी क्षेत्रात सुमारे २२ लाख क्षयरोग्यांवर उपचार झाले. त्यापूर्वी जे मानले जात होते त्याच्या दुपटी-तिपटीने ही संख्या अधिक होती. ज्या रोग्यांची नोंदही शासनाच्या दप्तरी नव्हती, त्यांच्या घरातील मुलांना कोणी तपासले असेल? जो कार्यक्रम निम्म्या रोग्यांना पाहतच नाही तो कितीही शुद्ध असो, त्याने रोग आटोक्यात येणार नाही. पहिल्या तटाचे म्हणणे येथे अपुरे पडते.

शासनालाही हे उशिरा का होईना उमगले. ७ मे २०१२ च्या आदेशाने प्रत्येक क्षयरोग्याची नोंद शासनाकडे करणे खाजगी डॉक्टर, प्रयोगशाळा आणि रुग्णालये यांना बंधनकारक झाले. त्याच वर्षी रक्तातून क्षय शोधण्याच्या दिशाभूल करणाऱ्या चाचण्यांवर बंदी आली. २०१४ च्या मार्चपासून क्षयाची औषधे विकणाऱ्या दुकानदाराला स्वतंत्र नोंदवही ठेवावी लागते. १६ मार्च २०१८ च्या राजपत्राने दुकानदारालाही माहिती कळविण्याच्या कर्तव्यात आणले आणि नोंद न करणे दंडनीय ठरविले. डॉक्टरला नोंदीबद्दल ५०० रुपये आणि उपचाराचा निकाल कळविल्याबद्दल आणखी ५०० रुपये मिळू लागले. २०१४ मध्ये मुंबई, पाटणा आणि मेहसाणा येथे खाजगी डॉक्टरांना कार्यक्रमाशी जोडण्याचे प्रयोग सुरू झाले. रोग्याला डॉक्टर बदलावा लागला नाही, परंतु तपासणी आणि औषध मोफत मिळाले आणि पाठपुरावा करणारा माणूस मिळाला. या सर्वांचे फळ आकड्यांत दिसते. २०२३ मध्ये देशात नोंदलेल्या सुमारे साडेपंचवीस लाख रोग्यांपैकी एक तृतीयांश, म्हणजे आठ लाखांहून अधिक, खाजगी क्षेत्रातून नोंदले गेले. एका दशकापूर्वी हा भाग नगण्य होता.

येथे थांबून टाळ्या वाजवाव्यात काय? नाही. कारण येथूनच दुसऱ्या तटाचे म्हणणे अपुरे पडू लागते. नोंद म्हणजे उपचार नव्हे, आणि उपचार म्हणजे रोगमुक्ती नव्हे. संगणकावर नाव चढले, पाचशे रुपये जमा झाले, आणि रोगी तिसऱ्या महिन्यात गावी निघून गेला, तर तक्त्यात यश आणि वस्तीत रोग अशी स्थिती होईल. पाठपुराव्याचे काम ज्या मध्यस्थ संस्थांना ठेक्याने दिले जाते त्यांच्या ठेक्याची मुदत असते. रोगाला मुदत नसते. ठेका संपला की तीच घरे फिरणारी माणसे दुसऱ्या दिवशी बेकार होतात आणि रोग्याचा धागा तुटतो. खाजगी सहभागाच्या नावाखाली शासनाने आपली जबाबदारी हळूच खांद्यावरून उतरवून ठेवू नये, हा पहिल्या तटाचा इशारा म्हणून मोलाचा आहे. २०२४ च्या मार्चमध्ये क्षयाच्या नेहमीच्या औषधांचा तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना ती स्थानिक पातळीवर विकत घेण्यास कळविले, तेव्हा हे दिसून आले. औषधच पोहोचत नसेल तर शासकीय काय आणि खाजगी काय, दोन्ही दारे सारखीच बंद.

मुळशीपुरती आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. माण येथे राहणारा मजूर जिल्हा परिषदेच्या हद्दीत राहतो. तो वाकडच्या डॉक्टरकडे गेला तर पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत जातो. भूगावचा रोगी कोथरूडला गेला तर पुणे महापालिकेच्या हद्दीत. सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक ही गावे तर २०२१ मध्ये पुणे महापालिकेतच गेली. ग्रामीण जिल्हा आणि दोन महापालिका, या तिघांची क्षयरोग कार्यालये वेगळी, माणसे वेगळी, वह्या वेगळ्या. रोगी मात्र एकच. तो एका हद्दीत निदान घेतो, दुसरीत राहतो, तिसरीत काम करतो. संगणकावरील नोंद एका क्षणात इकडून तिकडे पाठविता येते. परंतु त्या नोंदीमागे घरापर्यंत जाणारा पाय कोणाचा, हे संगणक ठरवीत नाही. हद्दीच्या भांडणात माणूस हरवू द्यावयाचा नसेल तर एक नियम सोपा आहे: रोगी जेथे झोपतो तेथील कार्यालयाने त्याला आपला मानावे, मग निदान कोणीही केलेले असो.

तेव्हा प्रश्नाचे स्वरूप असे ठरते. खाजगी डॉक्टरांना घ्यावे की नाही हा वाद संपला आहे. ते या रोगाच्या कामात आहेतच. वाद आहे तो अटींचा. कोणाच्या अटीवर? समाजवादी कार्यकर्त्याने पुढील अटींवर ठाम राहिले पाहिजे.

पहिली अट: क्षयाची तपासणी आणि औषध, रोगी कोणत्याही दारातून आत आला तरी, मोफत. खाजगी डॉक्टर आपल्या सल्ल्याचे शुल्क घेईल. परंतु बेडक्याच्या तपासणीवर आणि गोळीवर कोणालाही नफा काढता येणार नाही. खाजगी डॉक्टरने नोंदलेल्या रोग्यालाही शासकीय औषध मिळण्याची तरतूद आज आहे. अनेक डॉक्टरांना आणि बहुसंख्य रोग्यांना ती माहीत नाही. जंतूंची आणि औषधाला दाद देण्या-न देण्याची परीक्षा काही तासांत करणारे ट्रूनॅट हे यंत्र गोव्यातील कंपनीने तयार केले आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यास मान्यता दिली. असे यंत्र सरकारी दवाखान्यात असूनही शेजारचा डॉक्टर नुसत्या एक्स-रेवर निदान करीत असेल तर दोष संपर्काचा आहे, विज्ञानाचा नव्हे.

दुसरी अट: रोगी डॉक्टरपासून हिरावून घेतला जाणार नाही. खाजगी डॉक्टर संशयित रोग्याला सरकारी दवाखान्यात का पाठवीत नाही? गेलेला रोगी परत येत नाही, आणि त्याच्याबरोबर त्याचे कुटुंबही जाते, ही त्याची भीती असते. ती भीती खोटी नाही. बेडका सरकारी प्रयोगशाळेत जावा, औषध सरकारी भांडारातून यावे, पण रोगी आपल्या ओळखीच्या डॉक्टरकडेच राहावा, अशी व्यवस्था झाली की डॉक्टर प्रतिस्पर्धी राहत नाही. पौड किंवा पिरंगुटच्या बाजारात दवाखाना चालविणारा आयुर्वेद वा होमिओपॅथीचा पदवीधर हा बड्या रुग्णालयाचा मालक नव्हे. तोही भाडे भरणारा, हप्ते फेडणारा मध्यमवर्गीय माणूस आहे. बड्या भांडवली रुग्णालयांशी लढताना त्याला एकाच दावणीला बांधणे हे वर्गविश्लेषणाच्या दृष्टीनेही चूक आहे.

तिसरी अट: एकच औषधयोग, एकच नियम. ऐंशी चिठ्ठ्यांचा बाजार बंद. चौथी अट: मानधनाचा मोठा भाग रोगी पूर्ण बरा झाल्यावर, त्याच्या बेडक्यात जंतू नाहीत असे सिद्ध झाल्यावर द्यावा, केवळ नाव चढविण्यावर नव्हे. पाचवी अट: प्रत्येक नोंदीमागे घरी जाणारा कायम नोकरीतील आरोग्यसेवक. त्याने घरातील मुलाबाळांची तपासणी करावी, ज्यांना लागण झाली आहे पण रोग झालेला नाही त्यांना प्रतिबंधक औषध द्यावे, आणि औषध चुकले की त्याच आठवड्यात दार ठोठवावे. हे काम आशा सेविकेच्या तुटपुंज्या मोबदल्यावर ढकलून चालणार नाही. सहावी अट: गुप्तता. सक्तीची नोंद ही रोग्याच्या हितासाठी आहे. तिचा कागद ठेकेदाराच्या हाती पडून कामगाराची नोकरी जात असेल तर रोगी रोग लपवील आणि सगळी यंत्रणा व्यर्थ होईल. सुरुवातीचे दिवस वगळले तर नियमित औषध घेणारा रोगी इतरांना धोका देत नाही. त्याला कामावरून काढण्याचे वैद्यकीय कारण उरत नाही. उरते ती केवळ मालकाची सोय.

मित्रहो, येथपर्यंत औषधाची गोष्ट झाली. परंतु क्षय हा केवळ जंतूंचा रोग असता तर जंतू सर्वांना सारखे धरते. देशातील कोट्यवधी माणसांच्या शरीरात हे जंतू सुप्त आहेत. त्यांतून रोगी कोण होतो हे मुख्यतः पोट ठरविते. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयरोग्यांच्या घरातील माणसांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या, अशी शिदोरी दिली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, त्या घरांत नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. एवढे काम करणारी लस मोठ्या माणसांसाठी आजवर निघालेली नाही. मद्रासने सिद्ध केले की गरीब माणूस औषधाने बरा होतो. झारखंडने सिद्ध केले की जेवण मिळाले तर तो आजारीच कमी पडतो. हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी नाहीत. एक दवाखान्याचा कार्यक्रम आहे आणि दुसरा राजकारणाचा.

शासन २०१८ पासून रोग्याला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देत होते. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. ही वाढ योग्यच आहे. परंतु रोग्याच्या कुटुंबाच्या ताटाचे काय? ते दात्यांच्या टोपल्यांवर सोडण्यात आले आहे. दानशूर व्यक्तीने शिधा द्यावा यात वाईट काही नाही. पण ज्या शिध्याने घरातील मूल रोगातून वाचते तो शिधा दात्याच्या मर्जीवर अवलंबून असू नये. तो रेशनकार्डावर हक्काने मिळाला पाहिजे. डाळीसह. आणि ज्या मजुराचे रेशनकार्ड नांदेडला आहे आणि खोली हिंजवडीला, त्यालाही मिळाला पाहिजे.

२०२५ पर्यंत भारतातून क्षयरोग हटवू, असे २०१८ मध्ये जाहीर झाले होते. २०२५ उजाडले तेव्हा क्षय हटला नव्हता. २०२३ मध्येही जगातील दर चार क्षयरोग्यांमागे एकाहून अधिक भारतातच होता. घोषणेची तारीख उलटली याचा आनंद मानण्याचे कारण नाही. त्या तारखेची वाट पाहत किती माणसे गेली याचा विचार केला पाहिजे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत क्षयाची लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कोणत्याच दवाखान्यात गेलेले नव्हते. म्हणजे शासकीय आणि खाजगी, दोन्ही दारांच्या पलीकडे आणखी एक मोठा समूह उभा आहे. तेथे डॉक्टर पोहोचत नाही. तेथे कार्यकर्ता पोहोचू शकतो.

म्हणून मुळशीतील कार्यकर्त्यांसमोर काम आहे ते असे. आपापल्या गावातील प्रत्येक खाजगी डॉक्टरला आणि औषधदुकानदाराला भेटावे. आरोप करण्यासाठी नव्हे, मोफत तपासणी व औषधाची व्यवस्था त्याला ठाऊक आहे काय हे विचारण्यासाठी, आणि नसेल तर पौडच्या रुग्णालयाशी त्याची गाठ घालून देण्यासाठी. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन, ही लक्षणे वीटभट्टीवर, मजुरांच्या शेडांत आणि कातकरी वस्तीवर जाऊन सांगावीत. बेडका न्यावयास गाडी नसेल तर ती मिळविण्यासाठी तगादा लावावा. ग्रामसभेत क्षयाचा हिशेब मागावा: किती तपासले, किती सापडले, किती बरे झाले, किती मध्येच सुटले. आकडे मागावेत, नावे मागू नयेत. ‘क्षयमुक्त ग्रामपंचायत’ अशी पाटी लावण्याची योजना २०२३ मध्ये सुरू झाली आहे. पाटीसाठी रोगी लपविला जाणार नाही, हे पाहणे हे गावातील जागरूक माणसाचेच काम. आणि रिकाम्या जागा, तुटलेला औषधपुरवठा, रात्रपाळीच्या कामगाराला सोयीची नसलेली दवाखान्याची वेळ, यांविरुद्ध मोर्चा काढण्याची वेळ आली तर तो काढावा. सहकार्य आणि संघर्ष ही दोन हत्यारे एकाच भात्यातील आहेत.

याच तालुक्यात १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी आपल्या जमिनीसाठी सत्याग्रह केला. मुंबईच्या दिव्यांसाठी टाटांच्या धरणाखाली त्यांची भातखाचरे गेली. सत्याग्रह हरला, पण एक प्रश्न मागे ठेवून गेला. शहराच्या सुखाची किंमत कोणी भरावयाची? शंभर वर्षांनी तोच प्रश्न आता फुप्फुसांविषयी विचारावा लागत आहे. हिंजवडीची इमारत उभारणाऱ्याने, पिरंगुटचे यंत्र चालविणाऱ्याने, धरणाच्या पाण्याकडे पाहत डोंगरावर राहणाऱ्याने ही किंमत आपल्या छातीने भरू नये. त्याने कोणत्या दवाखान्याचे दार ठोठावले हे विचारू नका. जे दार त्याने ठोठावले त्या दारातून त्याला पुरे औषध, पुरे अन्न आणि सहा महिने सोबत करणारा माणूस मिळेल, एवढे पाहा. तेवढे झाले तर अभ्यासवर्ग सार्थकी लागला असे म्हणता येईल.